जुनं विमान किट 'सीलबंद' म्हणून घेताना

'सीलबंद' या एका शब्दासाठी जुन्या विमान किटवर (भाग जोडून विमानाची छोटी प्रतिकृती करायचा प्लास्टिकचा संच) भरपूर जादा पैसे लावले जातात, आणि लबाडी नेमकी त्या सीलखाली असते. श्रिंक फिल्म आणि हीट गन कुणालाही मिळते. अर्धवट किटचे उरलेसुरले भाग जुन्या खोक्यात भरले, वर फिल्म तापवून चढवली, की झाला माल 'न उघडलेला'.

१/७२ स्केलच्या (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) एका फ्रॉग किटचं असंच झालं; फ्रॉग ही जुनी ब्रिटिश किट-कंपनी. खोका अस्सल, पण एक कोपरा चेपलेला, आणि त्यावरची फिल्म मात्र कडक ताणलेली, सुरकुतीही नाही. म्हणजे कोपरा आधी चेपला, फिल्म नंतर आली. आत दोन स्प्रू, म्हणजे भाग जिला जोडलेले असतात ती प्लास्टिकची चौकट, दोन्हींच्या प्लास्टिकची छटा वेगळी. पंखांच्या कडेला फ्लॅशची, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेल्या पातळ प्लास्टिकची झालर, म्हणजे भाग झिजलेल्या साच्यातले. कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण, गायब. बाकी काहीही पुटी (फटी भरायचा लगदा) आणि प्लास्टिकच्या पट्टीतून घडवता येतं, पारदर्शक कॅनोपीसाठी मात्र आधी लाकडी ठोकळा कोरावा लागतो आणि त्यावर तापवलेली शीट ओढावी लागते.

विक्रेत्याचा पुरावा काय, तर भागावर कोरलेलं साल. ते साल साच्याचं असतं, प्लास्टिक ओतल्याचं नव्हे. फ्रॉगचं उत्पादन १९७०च्या दशकात थांबलं, बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तीच विमानं 'नोव्हो' नावाने, पुढे साध्या खोक्यांतूनही निघाली. त्या प्रती वाईट नाहीत, पण फ्रॉगच्या भावाने घेण्यासारख्याही नाहीत.

एअरफिक्स या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची सुरुवातीची छोटी किटं तर खोक्यात नव्हे, वर कागदी पट्टी टाचलेल्या पिशवीत येत. तिथे स्टेपलरची पिन बघा. कागदावर पिनेच्या पायांखेरीज जादा भोकं असतील, किंवा कागद पिवळा आणि पिन चकचकीत असेल, तर पिशवी उघडून पुन्हा टाचलेली आहे.

फोटो मागितले की 'सील तोडलं तर किंमत पडेल' असं उत्तर येतं. मग सौदा सोडा, किंवा उघडलेल्या किटचा भाव द्या. उघडं किट खरंतर जास्त भरवशाचं. स्प्रू माहितीपत्रकाशेजारी पसरून काढलेला फोटो मागा आणि भागांचे क्रमांक एकेक जुळवा. कॅनोपी उजेडासमोर धरायला सांगा, तडा तेव्हाच दिसतो. रबरी टायर प्लास्टिकला चिकटून पडले असतील तर तिथलं प्लास्टिक विरघळलेलं असतं. डिकलचा (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा) कागद पिवळा असला तरी चालेल, उन्हाच्या खिडकीत काही दिवस ठेवला की बराच उजळतो. तडकलेल्या डिकलचे मात्र पाण्यात घालताच तुकडे होतात, आधी वर लॅकरचा पारदर्शक थर दिला तरच वाचण्याची आशा.

पार्सल आलंच असेल तर फिल्म कापण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा, उघडताना सलग व्हिडिओ घ्या, आणि सगळे भाग मोजून होईपर्यंत स्प्रूवरून एकही भाग कापू नका. कापलेलं किट कुणी परत घेत नाही.