सिडनी ते ब्रिस्बेन मोटरहोमने: साठीनंतरच्या जोडप्याने कोणती गाडी घ्यावी आणि काय तपासावं

सिडनीत ताब्यात घ्यायची आणि ब्रिस्बेनला सोडायची, अशी भाड्याची दोन माणसांची मोटरहोम हा या परीक्षणाचा विषय. मर्सिडीज स्प्रिंटरच्या सांगाड्यावर बांधलेली, डिझेल, ऑटोमॅटिक, सुमारे सात मीटर लांब, तीन मीटरच्या आतबाहेर उंच. आत ताठ उभं राहता येतं आणि संडास-शॉवर गाडीतच. मोठ्या कंपन्यांच्या या वर्गातल्या गाड्या आतून बऱ्याचशा सारख्याच असतात, म्हणून कंपनीचं नाव इथे घेतलेलं नाही. गुण द्यायचे तर गाडीला पाचपैकी चार, पलंगाला अडीच आणि भाडेकराराला दोन.

मुंबईकराला धास्ती असते ती एवढी मोठी गाडी चालवायची कशी, याची. ती फोल आहे. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, सगळं आपल्यासारखंच. पॅसिफिक हायवे न्यूकॅसलजवळच्या हेक्सहॅमपासून क्वीन्सलँडच्या (ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्याच्या) सीमेपर्यंत २०२० च्या अखेरीस पूर्ण चौपदरी-विभाजित झाला, समोरून अंगावर येणारा ट्रक तिथे भेटतच नाही. घोडबंदर रोडवर चालवणाऱ्याला हा रस्ता कंटाळवाणा वाटेल. खरं काम गाडी थांबल्यावर सुरू होतं: पाणी भरणं, सांडपाणी सोडणं, संडासाची पेटी रिकामी करणं, वायर जोडणं, पलंग घालणं. गाडी निवडायची ती या कामांकडे बघून, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे बघून नव्हे.

स्वस्तात मिळते ती टोयोटा हायएसवर बांधलेली छोटी व्हॅन. भाडं बरंच कमी, पार्किंग सोपं, पण आत संडास नाही. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर जड सरकता दरवाजा घडघडत उघडून ओल्या गवतातून पार्कच्या (म्हणजे गाडी लावून मुक्काम करायच्या भाड्याच्या जागेच्या, कॅरॅव्हॅन पार्कच्या) स्वच्छतागृहापर्यंत चालत जाणं आलं. साठीनंतर ती बचत परवडत नाही. चार किंवा सहा माणसांच्या मोठ्या गाडीत एक फायदा आहे: एक पलंग कायमचा घालून ठेवता येतो. पण झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडी चढून, असेल तर तिचा उपयोग फक्त बॅगा ठेवायला. कारमागे ओढायचा कॅरॅव्हॅन हा तिथल्या निवृत्तांचा लाडका प्रकार. स्वतःची जीप आणि सहा महिने हाताशी असतात त्यांच्यासाठी तो ठीक. दोन-तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्याने मागे कॅरॅव्हॅन जोडून रिव्हर्स घ्यायला शिकत बसू नये.

पलंगाला गुण कमी का, ते सांगतो. दिवसा मागच्या बाजूला इंग्रजी यू आकाराची बैठक असते. रात्री टेबलाचा पाय काढायचा, फळी खालच्या पातळीवर बसवायची आणि पाच-सहा गाद्या ठरलेल्या क्रमाने लावायच्या. एक उलटी लागली की मधोमध फट पडते आणि नेमकी कंबरेखाली येते. रोज दहा-बारा मिनिटं वाकून काम. गाडी ताब्यात घेताना गाद्यांच्या क्रमाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि पाठीचा त्रास असेल तर अर्धी बैठक मोडून पलंग तसाच ठेवा, जेवण बाहेरच्या खुर्च्यांवर. पलंग आडवा असेल तर लांबी विचारून घ्या. सहा फुटांच्या माणसाला कधी कधी पाय दुमडून झोपावं लागतं.

आता संडास. चेहरा वाकडा करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. भांड्याखाली सरकती पेटी असते, साधारण १८ लिटरची, बाहेरच्या छोट्या दारातून निघते. सुरुवातीला तीत दोन लिटर पाणी आणि रसायनाची एक पुडी घालायची. वापरताना भांड्यातली पाती उघडायची, नंतर बंद करायची. लाल दिवा लागला की भरली, पण दिव्याची वाट बघू नका: भरलेली पेटी वीस किलोच्या घरात जाते आणि गुडघ्याच्या उंचीवरून ती ओढून काढणं कमरेला बरं नाही. दोघांसाठी दर दोन दिवसांनी निम्मी भरलेली असतानाच रिकामी करा. पार्कमध्ये डम्प पॉइंट असतो. तिथे नेऊन नळी खाली वळवायची, झाकण काढायचं आणि ओतताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरायचं. ते दाबलं नाही तर आत हवा अडकते, मैला गचके घेत पडतो आणि शिंतोडे थेट चपलांवर. मग दोन-तीनदा विसळायची, पुन्हा पाणी आणि पुडी. पेटी खाचेतून निघतच नसेल तर दहापैकी नऊ वेळा कारण एकच: पाती उघडी राहिलेली असते. जोर लावू नका, आत जाऊन पाती बंद करा.

आपल्याकडच्या सवयीने पाणी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. गाडीत जेट स्प्रे नाही, छोटा मग सोबत न्यावा लागतो, आणि ते पाणीही त्याच १८ लिटरांत जमा होतं. म्हणून दिवसा पार्कचं स्वच्छतागृह वापरायचं, गाडीतला संडास फक्त रात्रीसाठी. शॉवरचंही तेच. गाडीतला शॉवर टेलिफोन बूथएवढा, गरम पाण्याची टाकी लहान. पार्कमधला शॉवर ऐसपैस आणि गरम. जी सोय आहे म्हणून जास्त पैसे मोजले ती दिवसा वापरायची नाही, हे विचित्र वाटेल, पण रात्री दोन वाजता तिची किंमत वसूल होते.

स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची असते, सांडपाण्याची त्याहून लहान. महापालिकेच्या ठरलेल्या वेळेच्या पाण्यावर वाढलेल्यांना एवढ्यात तीन दिवस सहज काढता येतात. फक्त सांडपाण्याची टाकी आधी भरते आणि मग पाणी शॉवरच्या तळातून उलटं वर येतं, म्हणून ती रोज सोडावी.

महागातली चूक पाण्याच्या नव्हे, झाकणांच्या बाबतीत होते. गाडीच्या बाहेरच्या बाजूला तीन तोंडं असतात: डिझेल, पिण्याचं पाणी आणि निळ्या झाकणाचं अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण. डिझेलच्या टाकीत पाणी किंवा अ‍ॅडब्लू गेलं की इंधनाची अख्खी यंत्रणा उतरवावी लागते, बिल हजारो डॉलरचं, आणि जास्तीत जास्त संरक्षणाचा विमाही ते भरत नाही. तिथे पंपावर पोऱ्या नसतो, स्वतः भरून आत जाऊन पैसे द्यायचे. नोझलच्या रंगावर विसंबू नका, अक्षरं वाचा. चुकीचं भरलं गेलंच तर गाडी सुरू न करता लगेच कंपनीला फोन, कारण इंजिन चालू केलं की नुकसान दसपटीने वाढतं.

वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच, पण पिना तिरप्या. अ‍ॅडॉप्टर मुंबईतून न्या. पार्कमधल्या खांबावर १५ अँपिअरचं सॉकेट असतं. जाड वायर आधी गाडीत, मग खांबात, मग बटण चालू. निघताना बरोबर उलट. वायरचं भेंडोळं पूर्ण उलगडून ठेवायचं, गुंडाळलेल्या वायरमधून जास्त भार गेला की ती तापून वितळू शकते. १५ अँपिअर म्हणजे सुमारे ३,४०० वॅट: २,२०० वॅटची किटली आणि एसी एकत्र चालतील, त्यात मायक्रोवेव्ह लावला की खांबावरचा ब्रेकर पडणार. वायर जोडलेली नसेल तेव्हा दिवे, पंप आणि फ्रिज गाडीच्या दुसऱ्या बॅटरीवर चालतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि तुमचा मिक्सर चालत नाही. चटण्या वाटायच्या त्या पार्कमध्ये असतानाच.

स्वयंपाकासाठी गॅसच्या दोन शेगड्या, चार-साडेचार किलोचा सिलिंडर, दोघांना दोन आठवडे पुरून उरतो. गाडी चालू करण्याआधी सिलिंडरची किल्ली बंद. भांडी मिळतात, कुकर मिळत नाही. दीड-दोन लिटरचा हॉकिन्स बॅगेत टाका. मोहरी तडतडली की धूर ओळखणारा अलार्म बोंब ठोकतो, त्यामुळे आधी छताची झडप उघडायची, पंखा लावायचा, मग फोडणी. मासे मात्र आत तळू नका. गाद्यांना लागलेला वास ब्रिस्बेनपर्यंत सोबत करतो आणि साफसफाईचा खर्च कंपनी कार्डावर लावते. जवळपास प्रत्येक पार्कात बाहेर बार्बेक्यूचा सपाट तवा असतो, त्यावर फॉइल टाकून भाजा. दुकानात बारामंडी म्हणून मिळतो तो आपला जिताडाच, मलेट म्हणजे बोय. स्पॅनिश मॅकरेलही मिळतो, ती आपली सुरमईच. डाळ-तांदूळ-पिठं सिडनीतल्या हॅरिस पार्क या भारतीय दुकानांच्या उपनगरात घ्या. मुंबईतून पेढे, बर्फी, कढीपत्ता अजिबात नेऊ नका. सीलबंद गोडा मसाला, लोणचं वगैरे नेलं तर प्रवेशाच्या कार्डावर लिहा. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला जबर दंड आहे.

खर्चाचा हिशेब १४ रात्रींचा. भाडं हंगामानुसार दिवसाला १२० ते २५० ऑस्ट्रेलियन डॉलर. वीज असलेली जागा रात्रीला साधारण ४५ ते ८०. सिडनी-ब्रिस्बेन थेट अंतर ९०० किलोमीटरच्या थोडं वर, किनाऱ्याला आत-बाहेर करत १,२०० ते १,३०० होतं. शंभर किलोमीटरला १२-१३ लिटर धरा, म्हणजे डिझेलचे तीनशेच्या आसपास. संरक्षणाचा पूर्ण विमा दिवसाला ५० च्या आगेमागे. मधले दर धरले तर एकूण सव्वाचार ते साडेचार हजार डॉलर, म्हणजे अडीच-पावणेतीन लाख रुपये, विमान आणि खाणं वेगळं, एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचं शुल्क असल्यास तेही वेगळं. छोटी कार आणि मोटेल याहून महाग पडत नाही. पैसे वाचवायला म्हणून मोटरहोम घेणाऱ्याने घेऊ नये. नाताळ ते जानेवारीअखेर आणि ईस्टर टाळा; दर चढतात आणि समुद्रालगतच्या जागा महिनोन् महिने आधी संपतात. एका डॉलरात गाडी दुसऱ्या शहरात नेऊन देण्याच्या योजना दिसतील, पण त्यात दिवस मोजकेच मिळतात. निवृत्तांकडे जे मुबलक असतं तेच तिथे मिळत नाही.

फुकट कुठेही गाडी लावून झोपू, हा विचार सोडा. बायरन बेमध्ये रस्त्यावर झोपलेल्यांना पालिका दंड करते. पार्क निवडताना डम्प पॉइंट आहे का आणि जागा सिमेंटची की गवताची, हे दोन प्रश्न विचारा. पावसात गवतावर जड गाडीची चाकं रुततात.

करार. विमा नसेल तर नुकसानीची पहिली काही हजार डॉलरची जबाबदारी तुमची, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. बहुतेक ठिकाणी फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड चालत नाही, म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्या. पूर्ण विम्यातूनही छत, गाडीचा तळ आणि चांदवा बहुधा वगळलेले असतात. छताचं नुकसान सर्वात जास्त कुठे होतं? मॉलचं पार्किंग, मॅकडोनाल्ड्सची ड्राइव्ह-थ्रू आणि पार्कमधली झाडाची फांदी. उंचीचा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. काही करारांत अंधार पडल्यावर शहराबाहेर चालवलं तर विमा लागू होत नाही, कारण कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात. टोलनाके नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. पास आधी ऑनलाइन घेतला नाही तर कंपनी प्रत्येक टोलवर स्वतःचं शुल्क लावते. न्यू साउथ वेल्समध्ये हातातला मोबाइल टिपणारेही कॅमेरे आहेत, आणि शाळेजवळ सकाळ-दुपार ४० ची मर्यादा. ते दंड महिनाभराने बोरिवलीतल्या घरी बसल्यावर कार्डातून जातात.

कागदपत्रांत मुंबईत एकच गोष्ट अडते. पंचावन्नीनंतर लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, आणि आंतरराष्ट्रीय परवाना लायसन्सच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. आधी ती तारीख बघा, मग सारथी पोर्टलवर अर्ज करून ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली, जे तुमचं आरटीओ असेल तिथून घ्या. त्याची मुदत एक वर्ष. व्हिसा उपवर्ग ६००. चालकाच्या कमाल वयाची अट कंपनीनुसार बदलते, बुकिंगआधी लेखी विचारा.

दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि दुपारी तीनच्या आत जागेवर पोचा, उजेडात वायर आणि नळी जोडायला. मुक्काम लांब करावा असं ठिकाण पोर्ट मॅक्वारी: टॅकिंग पॉइंटच्या दीपगृहाजवळून मे ते नोव्हेंबर हंपबॅक देवमासे दिसतात, कोआलांचं रुग्णालय गावातच. सील रॉक्सचं १८७५ चं दीपगृह सुरेख, रस्ता अरुंद. बायरनचं दीपगृह १९०१ चं, मुख्य भूमीच्या अतिपूर्व टोकावर. वरचं पार्किंग इतकं लहान की एवढी गाडी खालीच ठेवून चढावी लागते. कॉफ्स हार्बरचं मोठं केळं फोटोपुरतं.

परत देण्याच्या दिवशी डिझेल भरलेलं, दोन्ही घाण पाण्याच्या टाक्या रिकाम्या आणि बाहेरून चारही बाजूंचे व छताचे फोटो. टाक्या तशाच दिल्या तर वेगळी आकारणी होते. डेपो दुपारी लवकर बंद होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्सची घड्याळं क्वीन्सलँडच्या एक तास पुढे असतात, त्यामुळे उत्तरेकडे जाताना सीमेवर एक तास हातात येतो. ब्रिस्बेनहून सिडनीला उलटा प्रवास ठरवला, तर तोच तास जातो. तेव्हा गाडी परत देण्याची वेळ सिडनीच्या घड्याळाने मोजा.