नऊ महिने, दोन ग्रेड आणि स्वयंपाकघरातला काटा: ऑइल खाणाऱ्या गाडीचा अनुभव

गाडी १.२ लिटर, चार सिलिंडरची, बिनटर्बो पेट्रोल, बीएस-४. नोंदी सुरू केल्या तेव्हा रनिंग ९२ हजार किमी. फिल्टरसकट ऑइल बसतं ३.३ लिटर. कंपनीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० पहिल्या पसंतीचं दिलंय आणि ५डब्ल्यू-४० चालेल असं लिहिलंय. ऑक्टोबर ते जून या काळात दोन्ही ग्रेड आळीपाळीने वापरून किती ऑइल जळतं ते मोजलं. दोन्ही ऑइलं पूर्ण सिंथेटिक, एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ऑइलचा एक दर्जा) या दर्जाची. वापर नागपूर शहरात आणि समृद्धी महामार्गावर.

निकाल आधीच सांगतो, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. जाड ग्रेडने (५डब्ल्यू-४०) ऑइल खाणं कमी झालं, पण थोडंच. त्याच्या दुपटीहून जास्त फरक एका साध्या पीसीव्ही व्हॉल्व्हने, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) सोडणाऱ्या झडपेने पाडला. तो अडकलेला होता आणि तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

आता मोजमाप. "गाडी ऑइल खाते" म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ते मोजलेलं नसतं आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर (डिपस्टिक) बोटभर कमी दिसलं म्हणजे नेमकं किती मिली, हे आधी ठरवून घ्या. ऑइल बदलल्यावर पातळी खालच्या खुणेपर्यंत येईल इतकंच भरा. मग १०० मिलीच्या मापाने एकेक माप ओतत, दर वेळी दहा मिनिटं थांबून पट्टी काढा आणि फोटो घेत जा. या गाडीत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत ८०० मिली बसलं. तुमच्या गाडीत हा आकडा वेगळा निघेल. काही गाड्यांत तो लिटरभर असतो.

मोजायची वेळ एकच ठेवा. गाडी रात्रभर एकाच सपाट जागी उभी असावी आणि सकाळी सुरू करण्याआधी पट्टी पाहावी. अपार्टमेंटच्या बेसमेंटमधला उतार अजिबात चालत नाही. पट्टी पुसून पूर्ण आत घाला, काढा, दोन्ही बाजू बघा आणि जी बाजू कमी दाखवते ती धरा. ऑइल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०७ टक्के. ३.३ लिटरचा हिशोब केला तर जानेवारीच्या पहाटेचं १२ अंशांचं ऑइल आणि हायवेवरून आल्यावरचं ९५ अंशांचं ऑइल यांच्या आकारमानात जवळपास १९० मिलीचा फरक पडतो. त्यातच गरम इंजिनात काही ऑइल वर हेडमध्ये थांबलेलं असतं. म्हणून आज थंड आणि उद्या गरम असं पाहिलं तर त्या तुलनेला काही अर्थ राहत नाही.

टॉप-अप मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उत्तम. ऑइलची घनता ०.८५ च्या आसपास असते, म्हणजे १०० मिलीचं वजन ८५ ग्रॅम. एक लिटरचा डबा ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर वजन करायचा, फरकाला ०.८५ ने भागायचं, मिली मिळाले. डब्यावरच्या पारदर्शक पट्टीतून अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी अचूक आहे. दर १,००० किमीला पातळी पुन्हा वरच्या खुणेवर आणायची आणि किती लागलं ते लिहून ठेवायचं.

शहरी वापराच्या नोंदी अशा. ऑक्टोबर ते जानेवारी, ५डब्ल्यू-३०: १,००० किमीला सरासरी १९० मिली. फेब्रुवारी-मार्च, ५डब्ल्यू-४०: १६० मिली. एप्रिलच्या सुरुवातीला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचा फुगलेला होज बदलला, ऑइल तेच ५डब्ल्यू-४०: ९० मिली. मेच्या मध्यापासून जूनअखेर, नवा व्हॉल्व्ह ठेवून परत ५डब्ल्यू-३०: ११० मिली. पट्टी वाचण्यात २० मिलीची चूक सहज होते, त्यामुळे शेवटच्या दोन आकड्यांतला फरक जेमतेम खरा मानावा. आणि हेही बघा की हा शेवटचा आकडा भर उन्हाळ्यातला आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे हा मुद्दा प्रत्येक गॅरेजमध्ये निघतो. "भाऊ, आपल्या नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, जाड टाकून देतो." बोलणारा मनापासून बोलत असतो आणि जुन्या इंजिनांच्या काळात त्यात बरंच तथ्य होतं. पण बाहेर ४५ अंश असले तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा कूलंट ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतात. संपमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल शहरात साधारण ९० ते १०० अंशांवर राहतं, जानेवारीत आणि मेमध्येही. फरक पडतो, पण बाहेरच्या पाऱ्याइतका नाही. उन्हाळ्यात ऑइलचा जास्त कस लागतो तो सिग्नलवर. व्हेरायटी चौकात किंवा वर्धा रोडवर एसी लावून गाडी उभी असते, किलोमीटर वाढत नाहीत पण इंजिनाचे तास वाढत जातात. अशा वापरात १० हजार किमीची वाट न पाहता निम्म्यावर ऑइल बदलणं हा जाड ऑइलपेक्षा चांगला उपाय आहे.

ग्रेडमधला 'डब्ल्यू' हा विंटरचा. ५डब्ल्यू ऑइलने उणे ३० अंशांना आणि १०डब्ल्यूने उणे २५ अंशांना इंजिन फिरू दिलं पाहिजे, अशी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची चाचणी असते. नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, त्याहून खाली काय जाणार! त्यामुळे थंडीत गाडी सुरू होण्यासाठी आपल्याला ०डब्ल्यू, ५डब्ल्यू, १०डब्ल्यू सगळेच चालतात. तरीही सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचण्यासाठी लहान आकडा बरा.

ऑइल खाण्याचा संबंध ग्रेडमधल्या दुसऱ्या आकड्याशी (३०, ४०). १०० अंशांना ३० ग्रेडची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या मध्ये असते, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे १५० अंशांना, बेअरिंगमध्ये जसं रगडलं जातं तशा दाबाखाली टिकणारी जाडी. तिला एचटीएचएस म्हणतात. ३० ग्रेडला ती किमान २.९ हवी आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. ऑइलची तांत्रिक माहितीपत्रिका कंपनीच्या साइटवर मिळते, तिच्यात हे आकडे पाहा. तिथेच 'नोआक' नावाची एक ओळ असते. २५० अंशांवर एक तास ठेवल्यावर किती टक्के ऑइल उडून जातं, ते ती सांगते. एपीआय एसपीच्या ५डब्ल्यू-३० ला मर्यादा १५ टक्के आहे, एसीईए या युरोपातल्या गाडी-निर्मात्यांच्या संघटनेच्या दर्जांपैकी बहुतेकांना १३. एकाच ग्रेडच्या दोन डब्यांपैकी एकाचा नोआक १४ आणि दुसऱ्याचा ९ असेल, तर ऑइल खाणाऱ्या इंजिनात ९ वालं घाला. डब्यावरच्या मोठ्या अक्षरातल्या दाव्यांपेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगाची आहे, असं माझं ठाम मत झालंय.

मग सरळ २०डब्ल्यू-५० का नको? जुन्या कार्ब्युरेटर गाडीला जरूर घाला. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि तिच्या वाटा, जाळ्या बारीक असतात. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) असतील तर सकाळी ते भरायला वेळ लागून टकटक ऐकू येते. टर्बोच्या शाफ्टला पहिल्या काही सेकंदांत ऑइल हवं असतं. आणि मुख्य म्हणजे पिस्टनच्या रिंगा कार्बनने चिकटल्या असतील तर जाड ऑइल त्या सोडवत नाही. धूर काही दिवस दबतो आणि तेवढ्यात दुरुस्तीची वेळ निघून जाते. पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर मनाने ४० वर उडी मारू नका. पुस्तिकेत जे पर्याय आहेत त्यांच्या आत एक पायरी वर जाणं ठीक, बाहेर नाही.

ऑइल जातंय कुठे, हे ग्रेडच्या आधी शोधायचं. आधी बाहेरची गळती: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, फिल्टरची रबर रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, क्रँकचं पुढचं-मागचं सील. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी कळतं. मग धूर. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळसर भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. छिंदवाड्याकडे जाताना सिलेवानी घाटात दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटर सोडून उतरा आणि खाली आल्यावर जोरात दाबा. आरशात निळा धूर दिसला तर तीच शंका पक्की होते, कारण उतारावर इनटेकमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि तो सैल सीलमधून ऑइल ओढतो. चढावर, भार असताना सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर. कॉम्प्रेशन तपासताना कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजतात. आकडा वर गेला तर रिंगा किंवा बोअर, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पण एक लक्षात ठेवा: कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगांवरचा संशय फिटला असं नाही. वरच्या दोन रिंगा ठणठणीत आणि खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटलेली, असं पुष्कळदा असतं.

पीसीव्हीची तपासणी फुकट होते. इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि भोकावर जाडसर कागद अलगद ठेवा. थोडे शिंतोडे उडतात, गॉगल किंवा चष्मा असू द्या. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. उडाला किंवा फडफडत राहिला तर क्रँककेसमध्ये (इंजिनच्या पोटात) दाब साठतोय: व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा रिंगांमधून वायू खाली येतोय. कागद जोरात चिकटून बसला आणि आयडल डगमगलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय आणि ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये जातेय. या गाडीत हेच होतं. थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी आतून काळं, चिकट ऑइल बोटाला लागत होतं. व्हॉल्व्ह काढून हलवला की आत खुळखुळ वाजायला हवी. जुना मुका होता.

आणखी एक दोष फार सर्रास दिसतो: जास्त भरलेलं ऑइल. इंजिनला लागतं ३.३, डबा असतो ३.५ किंवा ४ लिटरचा आणि उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून सगळा डबा रिकामा होतो. पातळी फार वर गेली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि तुषार पीसीव्हीतून इनटेकमध्ये जातात. पहिल्या हजार किमीत अर्धा लिटर "खाल्लं" म्हणून मालक हवालदिल होतो. सर्व्हिस झाली की तिथेच दहा मिनिटं थांबून पट्टी पाहा आणि जास्त असेल तर काढायला लावा.

समृद्धीवरचा अनुभव वेगळा नोंदवावा लागेल. ११०-१२० च्या वेगाला, पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलण्याआधी, ५डब्ल्यू-३० वर हिशोब १,००० किमीला ३४० मिलीपर्यंत गेला. त्याच रस्त्यावर ९० ने चालवल्यावर २०० च्या आसपास आला. छोट्या इंजिनात १२० ला आरपीएम साडेतीन हजारांच्या घरात असतो, रिंगांमधून वर जाणारं ऑइल वाढतं आणि संपमधलं तापमानही. शिवाय एक फसवी गोष्ट घडते. धरमपेठ ते सदर अशा तीन-चार किमीच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. इकडे ऑइल जळतं, तिकडे पेट्रोल त्याची जागा भरतं, पट्टी म्हणते सगळं ठीक. मग लांबच्या प्रवासात पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम खाली दिसते. म्हणून शहरात महिनाभर फिरवून थेट शिर्डीला निघणाऱ्यांनी निघताना पातळी वरच्या खुणेवर ठेवावी, डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा टाकावा आणि मधल्या थांब्यावर पट्टी पाहावी. अडचणीत दुसऱ्या कंपनीचं त्याच ग्रेडचं, त्याच दर्जाचं ऑइल मिसळलं तर चालतं. कोरडं पळवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी वेगळी सूचना. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइलच हवं, बहुतेक पुस्तिकांत एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. नुसता ५डब्ल्यू-३० आकडा जुळवून पेट्रोलचं ऑइल ओतलं तर राख फिल्टरमध्ये कायमची साठते आणि ती जाळून निघत नाही. अशा गाडीत पट्टीवरची पातळी वाढली तरी खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे (फिल्टरमधली काजळी जाळण्याच्या क्रियेमुळे) डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की ऑइल बदलायचं.

किती खाणं म्हणजे जास्त? अनेक कंपन्या १,००० किमीला अर्धा ते एक लिटरपर्यंत चालतं असं लिहून मोकळ्या होतात. मला ते पटत नाही. एक लिटर खाणाऱ्या इंजिनात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑइलमधल्या फॉस्फरसने हळूहळू मरतो आणि त्याची किंमत व्हॉल्व्ह सीलच्या कामाहून कितीतरी जास्त असते. २०० मिलीपर्यंत नुसतं टॉप-अप करत राहावं. ३०० च्या वर गेलं की वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात. ५०० ला हेड किंवा रिंगांच्या कामाची तयारी ठेवावी.

एअर फिल्टरकडे मात्र सगळ्यांनी बघा. सिमेंट रस्ते आणि उड्डाणपुलांच्या कामांची धूळ आपल्याकडे कमी नाही आणि फिल्टरच्या डब्याची एक क्लिप सैल असली तरी ती बारीक वाळू रिंगा घासते. या गाडीत आता ५डब्ल्यू-३० च राहणार आहे, दर ६ हजार किमीला, मोजून ३.३ लिटर. डबा घेताना झाकणाचं सील आणि बॅच नंबर पाहा, ऑइल समोर ओतून घ्या आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका. बुडाला स्क्रू-ड्रायव्हरने दोन भोकं पाडून मगच टाका, म्हणजे त्यात कोणी दुसरं ऑइल भरून विकणार नाही.