घरात मराठी, शेजारी गुजराती: टीव्हीवर लावायचं काय?

बडोद्यातल्या मराठी घरात रिमोटवरून होणारी भांडणं पुण्यातल्या घरांपेक्षा जरा निराळी असतात. आजीला मराठीच हवं असतं. सुनेचं माहेर नडियादचं असलं तर तिला गुजराती रंगभूमीवरची माणसं जास्त जवळची. मुलांना मराठी कळतं सगळं, पण खाली मैदानात दिवसभर गुजराती बोलून आल्यामुळे मराठी विनोद त्यांच्यापर्यंत पोचायला एक क्षण उशीर होतो. त्यात शेजारचे काका-काकी जेवणानंतर गप्पा मारायला आले की संपलंच! अशा घरांसाठी मी जोड्या लावल्या आहेत. प्रत्येक जोडीत एक गोष्ट मराठी माणसांची, एक गुजराती माणसांची. मतं माझी आहेत आणि कसोटी एकच: आपल्याच माणसांकडे बघताना दिग्दर्शकाने डोळे उघडे ठेवले आहेत का?

पहिली जोडी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘छेल्लो शो’ (२०२१). दोन्ही चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेले आणि दोन्हींवर बडोद्याला थोडा हक्क सांगता येतो. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. नंतर आपल्या कलाभवनात शिकले, आणि ‘छेल्लो शो’चे दिग्दर्शक पॅन नलिन आपल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सचे. मात्र परेश मोकाशींच्या ‘फॅक्टरी’त बडोदं शोधत बसू नका. गोष्ट सुरू होते १९११ मध्ये, मुंबईत. फाळक्यांची इथली आणि गोध्र्याची वर्षं तोवर मागे पडलेली.

‘फॅक्टरी’ बघायला अतिशय सोपी आहे. नंदू माधव यांचे फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपला पहिला चित्रपट काढायच्या सतत घाईत असतात. घरातलं सामान विकलं जातं, विलायतेची वारी होते, तारामतीच्या भूमिकेला बाई काही मिळत नाही, आणि शेवटी हॉटेलात काम करणारा साळुंके साडी नेसून उभा राहतो. मुलं खदखदून हसतात. मला खटकतं ते वेगळंच. या माणसाने कर्ज काढलं, डोळे जायची वेळ आली, बायकोने घर कसंबसं चालवलं, आणि तरी पडद्यावर कुणाच्या कपाळावर आठी म्हणून पडत नाही. विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई इतक्या हसतमुख आहेत की त्यांना एकदा तरी भांडी आपटावीशी वाटली नसेल का, असं माझ्या मनात येत राहतं.

‘छेल्लो शो’त बाप स्टेशनवर चहा विकतो. तो ब्राह्मण आहे, एकेकाळी बरे दिवस पाहिलेला आहे, आणि सिनेमा म्हणजे घाणेरडं जग असं त्याचं ठाम मत. मुलगा सिनेमाच्या नादाला लागल्यावर तो त्याला झोडपतो. त्याच घरात आई पाटावर बसून एकेक भाजी मसाला भरून शिजवते, आणि तो डबा मुलगा शाळेत खात नाही. तो देतो प्रोजेक्टर चालवणाऱ्या फजलला, त्या बदल्यात प्रोजेक्शनच्या खोलीच्या खिडकीतून पिक्चर बघायला मिळतो. डबा उघडल्यावर फजलचा चेहरा बघा. संवाद नसला तरी चालेल असा तो क्षण आहे. पहिला अर्धा भाग रेंगाळतो, रंगीत काचांतून ऊन बघण्याचे प्रसंग दोन कमी असते तरी चाललं असतं. भाषा काठियावाडी आहे. आपल्या बडोद्याच्या गुजरातीवर वाढलेली मुलं सुरुवातीला तोंडावर हात धरून हसतील, नंतर सरावतील. प्रोजेक्टर आणि रिळांचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण शेवटची वीस मिनिटं उठू नका.

घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर ‘फॅक्टरी’. मोठी माणसंच असाल तर ‘छेल्लो शो’, आणि एकच बघायचा तरी तोच. मराठी असून मी हे म्हणते, याचा आमच्या मंडळात निषेध होऊ शकतो.

दुसरी जोडी मालिकांची: ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आणि ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’. टिपरे २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून बेतलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली, आणि घरातला प्रत्येकजण रोजनिशी लिहितो एवढ्या साध्या युक्तीवर उभी राहिलेली. ‘साराभाई’ २००४ची, कफ परेडवरच्या श्रीमंत गुजराती घराची, पण हिंदीत.

टिपऱ्यांकडे कुणी वाईट नाही. आजोबा म्हणजे आबा चुकतात, मुलगा शेखर चिडतो, सून श्यामला सगळं सावरून घेते आणि अर्ध्या तासात जो तो आपल्या वहीकडे वळतो. आजीसोबत बघायला याहून चांगलं काही नाही. पण हल्लीच्या मुलांना एका भागानंतर दुसरा लावा म्हणावंसं वाटत नाही, हेही खरं. ‘साराभाई’त मात्र सासू सुनेचा अपमान इतक्या नजाकतीने करते की सून दुखावण्याआधी आपण हसून मोकळे होतो. मायाचं ‘मिडल क्लास’ म्हणतानाचं नाक बघावं. रत्ना पाठक शाह यांनी ते नाक जन्मभरासाठी आपल्या डोक्यात बसवलं आहे. पुण्याची मावशी सुट्टीत येऊन आमच्या बडोदी मराठीवर ज्या सुरात उसासा टाकते, तो मायाचाच सूर. स्वतःच्या वर्गाला इतकं निर्दयपणे हसणारी मराठी मालिका मला आठवत नाही. आम्ही आमच्या मध्यमवर्गाला फार जपतो.

शेजारी आले असतील तर ‘साराभाई’ लावा, भाषेचा प्रश्नच येत नाही. फक्त २०१७ची वेब आवृत्ती लावू नका. तीच माणसं आहेत, पण हशा जमत नाही.

तिसरी जोडी झोप उडवणारी आहे: ‘कोर्ट’ आणि ‘स्कॅम १९९२’.

‘स्कॅम’ (२०२०) आमच्या सोसायटीत ज्याने बघितली नाही असा माणूस सापडणं कठीण. प्रतीक गांधी गुजराती रंगभूमीवरून आलेला नट. त्याचा शेअर दलाल हर्षद मेहता बोलतो कसा, चालतो कसा, ते बघून शेअर बाजारात कधी न पडलेल्या माणसालाही डिमॅट खातं उघडावंसं वाटेल. बँक रिसीटचा, म्हणजे बँकांमधल्या रोख्यांच्या व्यवहारातल्या पावत्यांचा खेळ दिग्दर्शक हंसल मेहतांनी इतका नीट समजावला आहे की तो प्रसंग मी पुन्हा लावून बघितला. दहा भाग आहेत, प्रत्येक जवळजवळ तासाचा, आणि शिव्या भरपूर. आजी झोपल्यावरच लावा. माझी तक्रार अशी की मालिका आपल्या नायकाच्या प्रेमात पडली आहे. ज्यांचे पैसे बुडाले ती माणसं जवळपास दिसतच नाहीत. शेवटी तो सुटावा असं वाटायला लागतं आणि हे दिग्दर्शकाला ठाऊक असावं.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) असं कुणीच प्रिय नाही. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिराने गाणं म्हटलं आणि त्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत रडवत नाही. सरकारी वकील नूतन कलमं वाचते ती किराण्याची यादी वाचावी तशी, आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णींनी तिला खलनायिका होऊ दिलेलं नाही, म्हणून ती जास्त बोचते. आरोपीचा वकील विनय वोरा गुजराती, पैसेवाला. त्याचे आईवडील त्याच्याशी लग्नावरून गुजरातीत जे बोलतात ते समजायला आपल्याला सबटायटल लागत नाहीत.

आणि मग नूतन कुटुंबासोबत रविवारी नाटकाला जाते. रंगमंचावर मराठी बाप होऊ घातलेल्या परप्रांतीय जावयाला घराबाहेर काढतो आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. मुंबईच्या प्रेक्षकाला हा प्रसंग कसा दिसतो ते त्याने ठरवावं. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी माणसाला तो खुर्चीत नीट बसू देत नाही. गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज इथे आले ते परप्रांतीय म्हणूनच. पिढ्यानपिढ्या इथे राहिलो, इथल्या लोकांनी राहू दिलं, आणि तरी ते नाटक बडोद्यात लागलं तर आपण टाळ्या वाजवणार नाही, अशी खात्री मला देता येत नाही. त्या दोन मिनिटांसाठी मी ‘कोर्ट’ला ‘स्कॅम’च्या दहा भागांच्या वर ठेवते.

मात्र शुक्रवारी रात्री दमून आलात तर ‘कोर्ट’ लावू नका, अर्ध्यात घोरायला लागाल. रविवारी दुपारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. ‘स्कॅम’ कधीही चालते, बाजूला कपड्यांच्या घड्या घालतानासुद्धा.

‘समांतर’ या मराठी वेब मालिकेबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून एवढंच. स्वप्नील जोशीचा कुमार महाजन, आणि ज्याचा भूतकाळ हेच कुमारचं भविष्य असा नितीश भारद्वाजांचा चक्रपाणी. कल्पना जबरदस्त आहे आणि सतीश राजवाडेंचा पहिला सीझन तिला बऱ्यापैकी पेलतो. दुसऱ्यात ती ताणली आहे. पहिला संपल्यावर उत्सुकता आवरत नसेल तर सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी मिळवा. ती एका बैठकीत संपते आणि शेवटही तिथे जास्त पटतो.