एका सुईचं एम्ब्रॉयडरी मशीन: आठ महिने वापरल्यावर, आणि दोरे कापून कंटाळल्यावर

सर्व्हिस सेंटरमधून मशीन परत आलं. 19 दिवस तिकडे ठेवून घेतलं, "टायमिंग गेलं होतं, सेट केलंय" (म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ) असं सांगितलं, बिल लावलं. घरी आणून पहिलाच रुमाल लावला तर खाली दोऱ्याचा तोच गुंता. त्याच संध्याकाळी चिडून मशीनचं हे परीक्षण लिहायला घेतलं होतं. मग मधे काही गोष्टी घडल्या आणि अर्धं खोडावं लागलं.

मशीन नेहमीचंच आहे. एक सुई, 100 बाय 100 मिलिमीटरचा हूप (कापड ताणून धरणारी चौकट), फक्त भरतकाम, शिवण नाही. मला हवी होती आद्याक्षरं, रुमाल-टॉवेलवर नावं, खिशावर एखादं फूल. घेताना जो तो सांगत होता, हूप मोठा घे, नाहीतर पस्तावशील. नाही पस्तावले. अक्षर जेमतेम 20 मिलिमीटरचं; त्यासाठी मोठा हूप लावला की कापड मधे सैल पडतं आणि स्टॅबिलायझर (कापडाखाली लावायचा आधाराचा थर) उगाच वाया जातो. मी तर कडेच्या उरलेल्या पट्ट्यासुद्धा डब्यात जपून ठेवते. आत तयार डिझाइन किती आहेत, तेही मोजू नका. आठ महिन्यांत मी त्यातली तीन वापरलीत. रंग बदलताना दर वेळी दोरा हातानं ओवावा लागतो, पण आद्याक्षरांच्या मोनोग्रामला रंग एकच असतो, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही.

विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारलाच नाही: हे मशीन उडीचे दोरे स्वतः कापतं का?

माझं कापत नाही. एक अक्षर संपलं की हूप सरकतो आणि मधला दोरा कापडावर तसाच ताणलेला राहतो. पाच अक्षरांच्या इंग्रजी नावात चार उड्या. 12 रुमालांचा संच काढला तर 48 दोरे वरून, आणि उलट बाजू नीट हवी असेल तर तेवढेच खालून. मिनिटाला 400 टाके धरले तर एका नावाचं मशीनचं काम चार मिनिटांत उरकतं. मी मात्र वाकड्या टोकाची कात्री घेऊन त्याहून जास्त वेळ वाकलेली. अगदी टाक्याला लागून कापायला जावं तर शेवटची गाठ कापली जाते. एका टॉवेलवरचं अक्षर असंच पहिल्या धुण्यात उसवलं. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण मी या एका गोष्टीसाठी रेटिंगमधले दोन तारे कापले होते.

आता बिघाडाचं. खाली गुंता झाला की सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. फूट (कापड दाबणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामधे बसतच नाही, आणि ढिला दोरा खाली जाऊन जाळं करतो. पहिल्या महिन्यातले माझे सगळे गुंते असेच, कबूल. ज्यासाठी मशीन सर्व्हिसला गेलं तो गुंता मात्र वेगळा होता, कारण दोरा मी पाच वेळा फूट वर करून ओवला होता. शेवटी सुईखालची पट्टी, म्हणजे नीडल प्लेट, उघडून प्लास्टिकची बॉबिन केस बाहेर काढली आणि कडेवरून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी तंतू अडकले. नखाला जाणवेल न जाणवेल इतका ओरखडा. त्याच्या आधी एकदा हूपच्या कडेवर आपटून सुई तुटली होती, तिचाच हा प्रसाद असणार. नवी केस बसवली, गुंता बंद. सर्व्हिसच्या बिलापुढे केसची किंमत चिल्लर. 19 दिवसांत तिथं कुणी कापसाचा बोळा फिरवला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. मशीनवरचा राग मात्र तिथेच मावळला.

दोऱ्याबद्दल थोडक्यात: नेहमीचा 40 नंबरचा दोरा आणि 75/11 मापाची सुई बहुतेक कामाला पुरते. अक्षरं 6 मिलिमीटरच्या खाली गेली की मात्र ती लगदा होतात. तिथे 60 नंबरचा बारीक दोरा आणि 65/9 ची सुई घ्या. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म टाकाच, नाहीतर फासे अक्षर गिळून टाकतात. टी-शर्टखाली काम झाल्यावर फाडून काढायचा नाही, कापून काढायचा स्टॅबिलायझर. इथे मी कंजुषी करून पाहिली, अक्षर धुतल्यावर आकसलं.

आणि आता ज्याच्यामुळे तारे परत द्यावे लागले ते. मशीनमधल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. चिडून चित्रं काढायचं इंकस्केप आणि त्यावर चालणारं, चित्राचे टाके करून देणारं इंक/स्टिच ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर शिकायला बसले. तीन आठवडे गेले. मग लक्षात आलं की शिरोरेषा ही आपल्याला मिळालेली आयती वाट आहे. अक्षर वर, रेषेपाशी संपवायचं, पुढच्या अक्षरापर्यंत साध्या धावदोऱ्यानं रेषेच्या जागेवरूनच चालत जायचं, आणि सगळ्यात शेवटी त्यावरून शिरोरेषेचे सॅटिन टाके (एकमेकांना लागून घातलेले दाट टाके) घालायचे. वाटेतला दोरा रेषेखाली झाकला जातो. "कमळ" हा शब्द काढून पाहिला: सुरुवातीचं आणि शेवटचं टोक सोडलं तर कापायला एकही दोरा नाही. उलट बाजूनंही स्वच्छ. मी तो रुमाल घरभर दाखवत फिरले.

ध, भ, थ यांची शिरोरेषा तुटकी, तिथे वाट अक्षराच्या अंगातून काढावी लागते. भ मला अजून नीट जमलेला नाही. अनुस्वार मात्र ऐकत नाही. रेषेच्या वर एकटा बसतो, त्याच्यासाठी उडी मारावीच लागते. ज्या नावात अनुस्वार, त्या रुमालाला कात्री एकदा जास्त.