ड्रॉपर पोस्ट घेताना: बंद कार्ट्रिज की रिसेट व्हॉल्व्ह?

सीट पूर्ण वर आहे, तुम्ही तिच्यावर बसता आणि ती सेंटिमीटरभर खाली दबते. उठलात की पुन्हा वर येते. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरने चालत्या सायकलवर सीट खाली-वर करू देणारा सीटखालचा दांडा, वापरणाऱ्यांना हा दोष आज ना उद्या भेटतोच. वजन, ट्रॅव्हल (सीट किती खाली-वर जाते ते अंतर), लिव्हरचा आकार यांवर बरंच लिहिलं-बोललं जातं, पण दोन हंगामांनंतर पोस्टवर भरवसा उरतो की नाही हे माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरतं. सीट अशी मऊ पडली की ती कुणी, कुठे आणि किती वेळात नीट करायची? म्हणून इथे मुख्य तुलना दोनच प्रकारांची आहे. पहिला केबलवर चालणारा, बंद कार्ट्रिजचा, म्हणजे तेल-वायूचं सीलबंद नळकांडं असलेला. दुसराही केबलवरच चालणारा, पण रिसेट व्हॉल्व्ह, म्हणजे तेलात शिरलेली हवा परत पाठवणारी झडप, असलेला.

आधी कारण. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा आतली झडप बंद असते आणि तुमचं वजन तेलाच्या स्तंभावर टेकलेलं असतं. तेल दबत नाही, म्हणून सीट घट्ट राहते. सीट वर ढकलणारा वायू बहुतेक पोस्टमध्ये तेलापासून एका तरंगत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला असतो. त्या पिस्टनचं सील झिजलं की वायू तेलात शिरतो, आणि वायू दबतो. झीज व्हायला वेळ लागतो, पण हाच दोष एका क्षणात ओढवून घेण्याचा मार्गही आहे: सीट खाली असताना तिला धरून सायकल उचलणं. सायकलचं वजन नळीला बाहेर ओढतं, आत तेलाच्या बाजूला दाब उतरतो आणि वायू सीलवरून तेलात खेचला जातो. फाटकावरून सायकल पलीकडे देताना किंवा गाडीत चढवताना हे नकळत होतं. सर्व्हिस स्टँडला सायकल पोस्टवर पकडायची असेल तर सीट आधी पूर्ण वर करावी आणि पकड जाड, खालच्या नळीवर घ्यावी. वरच्या गुळगुळीत नळीवर ओरखडा पडला की वरचं सीलही गेलंच म्हणून समजा.

मात्र सीट खाली जाते म्हणजे कार्ट्रिज गेला असं लगेच धरू नका. केबल जास्त ताणलेली असली तरी झडप किंचित उघडी राहते आणि सीट उतरते. फरक ओळखणं सोपं आहे. वायू शिरला असेल तर सीट स्प्रिंगसारखी 5 ते 20 मिमी दबते, तिथे थांबते आणि उठल्यावर परत येते. केबलचा दोष असेल तर सीट सावकाश उतरत जाते आणि थांबत नाही. केबलचा ताण ठरवणारा स्क्रू ताण कमी होईल त्या दिशेने दोन फेरे फिरवा, लिव्हरला किंचित ढिलेपणा येऊ द्या आणि पुन्हा बसून बघा. कितीतरी धडधाकट कार्ट्रिज या दोन फेऱ्यांअभावी बदलले जातात.

आता बंद कार्ट्रिज. वनअप, पीएनडब्ल्यू, क्रँकब्रदर्स हायलाइन, ब्रँड-एक्स असेंड ही याच घराण्यातली नावं. तेल आणि वायू एका सीलबंद नळकांड्यात, बाकी सगळा सांगाडा साधा. बिघडलं तर नळकांडं काढायचं, नवं घालायचं. पोस्ट फ्रेममधून बाहेर काढा, केबल सोडवा, तळाचा ॲक्चुएटर (केबलने ओढला की झडप उघडणारा भाग) काढा, वरची कॉलर हाताने किंवा पट्टी-पान्याने सोडवा आणि आतली नळी ओढून घ्या. कार्ट्रिज मॉडेलनुसार नटवर किंवा सर्क्लिपवर (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर) धरलेला असतो. सर्क्लिप असेल तर तिचीच पक्कड हवी, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला गेलात तर ती उडते आणि सापडत नाही. जुनी पुसून स्वच्छ केलेली नळी, नवं ग्रीस, पितळी पिना परत खाचेत, की काम संपलं. पहिल्यांदा तासभर लागेल, पुढच्या वेळी अर्ध्या तासात होईल. जुना कार्ट्रिज मात्र फोडून बघू नका, आत बराच दाब असतो.

हा प्रकार चांगलाच आहे. वनअप 240 मिमी ट्रॅव्हलपर्यंत मिळतो, आणि शिम (पातळ कडी) घालून ट्रॅव्हल थोडा कमीही करता येतो. वरवरची देखभाल तर फारच सोपी: कॉलर सोडून वर सरकवा, मळकं ग्रीस पुसा, नवं लावा, कॉलर पुन्हा बसवा. दहा मिनिटांचं काम आहे. खटकतं ते एवढंच की दोष आला की त्याच दिवशी त्यावर उपाय नाही. नवा कार्ट्रिज हातात येईपर्यंत मऊ सीटवर पेडल मारत राहायचं. शिवाय कार्ट्रिज त्या मॉडेलला आणि त्या ट्रॅव्हललाच बसतो. विकत घेण्याआधी तो सुटा मिळतो का, हे नक्की बघा. मिळत नसेल तर पोस्ट कितीही गुळगुळीत चालत असला तरी सोडून द्या.

दुसरा प्रकार म्हणजे बाइकयोक कंपनीचा रिव्हाइव्ह. यातही हवा तेलात शिरू शकते, आणि ते कुणी लपवलेलं नाही. फरक पुढे आहे. सीटच्या खाली, पोस्टच्या डोक्यातच एक छोटी झडप आहे. ॲलन की लावून ती उघडायची, उघडीच धरून सीट सावकाश पूर्ण खाली दाबायची, खाली असतानाच झडप बंद करायची आणि लिव्हर दाबून सीट वर येऊ द्यायची. तेलात अडकलेली हवा आपल्या जागी परत जाते आणि सीट घट्ट होते. पोस्ट फ्रेममधून काढावा लागत नाही, केबलला हात लावावा लागत नाही, वाटेतच उभ्या उभ्या मिनिटभरात होतं. दाबताना घाई केली तर थोडी हवा मागे राहते. तसं झालं तर तीच क्रिया पुन्हा करायची.

अशी झडप असण्याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं. रॉकशॉक्स कंपनीने 2019 मध्ये रिव्हर्ब हा पोस्ट वायरलेस रूपात आणला तेव्हा त्यातही हवा बाहेर काढायची सोय दिली, पण ती पोस्टच्या तळाला होती. म्हणजे पोस्ट फ्रेममधून बाहेर काढणं आलं. घरी हे चालून जातं, पण डोंगराच्या कुशीत नाही. वायरलेसचं बाकी सुख खरं आहे: फ्रेममधून केबल ओवायची नाही, लिव्हर हलका, बॅटरी मागच्या वायरलेस डिरेलरशी (गिअर बदलणाऱ्या भागाशी) बदलता येते. पण भरवशाच्या तराजूत आणखी एक चार्ज करायची वस्तू मी वजा बाजूलाच टाकतो. जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक लिव्हरबद्दल फार लिहीत नाही. ब्लीड करायची (तेलातली हवा काढायची) एक जागा वाढते, थंडीत तेल जड होतं, आणि बदल्यात मिळतं असं काही मला दिसत नाही.

रिव्हाइव्हची उणी बाजूही सांगायला हवी. पूर्ण सर्व्हिस म्हणजे तेल आणि सीलं बदलणं. ते कार्ट्रिज बदलण्याइतकं सरळ नाही, नीट हात बसलेला नसेल तर वर्कशॉपला द्यावं. आणि रिसेट हा इलाज आहे, सवय नव्हे. काही महिन्यांतून एकदा लागला तर विसरून जा. प्रत्येक राइडला लागू लागला की सील संपलंय, सर्व्हिस टाळू नका. ट्रॅव्हल 125, 160, 185 आणि 213 मिमी अशा टप्प्यांत येतो, त्यामुळे मधलं माप हवं असणाऱ्याला वनअपची शिमची सोय जास्त बरी वाटेल. सायकल नेहमी घराजवळच चालवणार असाल, हाताने काम करायची आवड असेल, तर कार्ट्रिजवाला घेऊन तुमचं काहीही चुकणार नाही. लांबच्या वाटांना, दुकानापासून दूर जाणाऱ्यांनी मात्र रिसेटवाला घ्यावा असं मला वाटतं, त्यासाठी ट्रॅव्हलमध्ये थोडी तडजोड करावी लागली तरीही.

कोणताही घेतलात तरी मापात चूक झाली तर सगळं फुकट. पेडल मारायच्या उंचीवर सीट ठेवा आणि सीट क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सीटच्या रुळांच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. समजा 240 मिमी आलं आणि पोस्टची कॉलर व डोकं मिळून 50 मिमी घेतात. उरले 190, म्हणजे 185 चा बसेल, 5 मिमी शिल्लक. पण खाली जागा आहे का? सीट ट्यूबमध्ये काठी घालून वाक, सस्पेन्शनचा पिव्हट (सांधा) किंवा बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट कुठे अडतात ते पाहा, आणि पोस्टच्या लांबीत तळाचा ॲक्चुएटर आणि केबलचं वळण धरायला विसरू नका. व्यासात 30.9 आणि 31.6 मिमी या दोन्हींत मन अडकलं असेल आणि पुढे फ्रेम बदलायचा विचार असेल, तर 30.9 चा घ्या. शिम (इथे पातळ नळी) घालून तो 31.6 च्या फ्रेममध्ये चालतो, उलटं होत नाही.

बसवताना पोस्ट खाली ढकलत असताना हँडलकडून आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) त्याच वेगाने बाहेर ओढत राहा. नाहीतर ती सीट ट्यूबच्या तळाशी दुमडते आणि लिव्हर पहिल्या दिवसापासून जड लागतो. आउटर गिअरची घ्या, ब्रेकची नको. कापल्यावर तिचं तोंड टोच्याने मोकळं करा, कारण कापताना आतलं अस्तर चेपतं. आणि सीट वर यायला रेंगाळत असेल तर सगळ्यात आधी सीट क्लॅम्प अर्धा फेरा सैल करून पाहा. साधारण 5 न्यूटन-मीटर पुरतात. पोस्ट घसरतो म्हणून आणखी आवळलात तर बाहेरची नळी चेपून आतल्या बुशना (ज्यांवर आतली नळी सरकते त्या कड्यांना) धरते, आणि दोष पोस्टच्या माथी बसतो. घसरत असेल तर नळी पुसून कोरडी करा आणि घर्षण वाढवणारी पेस्ट लावा.