दिल्लीचे लोदी गार्डन: दक्षिणेकडून उत्तरेकडे

दिल्लीचे लोदी गार्डन पाहायला येणारे बहुतेक लोक जवळच्या फाटकातून आत शिरतात, मधल्या भव्य घुमटासमोर छायाचित्रे काढतात आणि हिरवळीवर विसावतात. त्यात वावगे काही नाही. परंतु लोदी रोडच्या बाजूने आत येऊन उत्तरेकडे चालत गेल्यास येथील मुख्य वास्तू जवळपास कालक्रमाने समोर येतात, आणि प्रवेश विनामूल्य असलेल्या या बागेत फिरण्याची माझ्या मते हीच खरी रीत आहे.

आरंभी सय्यद घराण्यातील मुहंमद शाहचा १४४४ सालचा अष्टकोनी मकबरा लागतो. त्याचा कमानदार व्हरांडा, कोपऱ्यांवरचे उतरते धिरे (भिंतीला टेकू देणारे बांधकाम) आणि घुमटाभोवतीच्या छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमटीदार मंडप) नीट पाहून ठेवाव्यात, कारण सुमारे पाऊणशे वर्षांनंतर बांधलेल्या, उत्तरेकडील सिकंदर लोदीच्या मकबऱ्यात हाच आराखडा पुन्हा दिसतो. मात्र तेथे छत्र्या गळल्या आहेत आणि सभोवती तटासारखी भिंत आली आहे. या दोहोंच्या मधोमध असलेल्या बडा गुंबदात कबर नाही, त्यामुळे ते लगतच्या मशिदीचे प्रवेशद्वार असावे असे काही अभ्यासक मानतात. ही १४९४ सालची मशीद मला संपूर्ण बागेत सरस वाटली. तिच्या कमानींवर चुन्याच्या गिलाव्यात उठवलेली अक्षरे आणि वेलबुट्टी इतकी दाट आहे की घुमटाच्या भव्यतेवर समाधान मानून परतणारे लोक नेमके पाहण्यासारखे तेच सोडून जातात. समोरच्या शीश गुंबदावर निळ्या फरशांचे थोडेच अवशेष उरले आहेत. सिकंदरच्या मकबऱ्याजवळचा अठपुला हा पूल अकबराच्या काळातील आहे.

उद्यान ऐतिहासिक म्हणून ओळखले जात असले, तरी ऐतिहासिक आहेत त्या वास्तू. बाग विसाव्या शतकातली आहे. खैरपूर गावातील वस्ती हलवून ती तयार करण्यात आली आणि १९३६ मध्ये 'लेडी विलिंग्डन पार्क' या नावाने खुली झाली. स्वातंत्र्यानंतर नाव बदलले, आणि १९६८ मध्ये वास्तुविशारद जोसेफ स्टाइन व उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी तिची नव्याने आखणी केली. वळणदार वाटा आणि मोकळी हिरवळ चालायला सुखद आहेत, पण त्यांच्यामुळे या वास्तू शोभेच्या वस्तूंसारख्या भासतात, ही माझी तक्रार आहे.

हिवाळ्यातील रविवारी येथे फार गर्दी होते. त्यामुळे इतर दिवशी सकाळी लवकर जावे. बागेलगतचे इंडिया इंटरनॅशनल सेंटरही स्टाइन यांचेच काम असून बाहेरून पाहिले तरी त्यांची शैली कळते. पाय दमले नसतील तर लोदी रोडच्या पश्चिम टोकाला सफदरजंगाचा अठराव्या शतकातील मकबरा आहे. खान मार्केट जवळ असले तरी, खरेदी करायची नसेल, तर त्याऐवजी रस्त्याच्या दक्षिणेला लोदी कॉलनीतील सरकारी घरांच्या भिंतींवर रंगवलेली प्रचंड चित्रे पाहणे अधिक सार्थकी लागेल.