वळताना वाजणारी गाडी आणि नाना पेठेजवळचे एक गॅरेज

पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत हे छोटे गॅरेज आहे. येथे फक्त सस्पेंशन, स्टीअरिंग आणि एक्सल (इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) यांची कामे होतात. इंजिनाचे किंवा एसीचे काम घेऊन आलेल्याला ते सरळ परत पाठवतात. दोष शोधून देण्याचे पैसे येथे वेगळे आकारले जातात आणि दुरुस्ती तेथेच करून घेतली, तरी ते बिलातून वजा होत नाहीत. बऱ्याच गिऱ्हाइकांना ही पद्धत खटकते, परंतु माझ्या मते या गॅरेजकडे जाण्याचे मुख्य कारण तेच असावे, कारण मग नको असलेली दुरुस्ती गळ्यात मारण्याचा मोह उरत नाही.

माझी गाडी पुढच्या चाकांना ओढ देणारी पेट्रोल हॅचबॅक आहे. कमी वेगात, विशेषतः सोसायटीच्या फाटकातून वळताना, पुढच्या बाजूने टक्‌-टक्‌ असा ठरावीक लयीतला आवाज येत होता. सरळ रस्त्यावर काहीही नव्हते. याआधी एका मोठ्या वर्कशॉपने गाडी चालवूनही न पाहता स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचे वळण चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले होते आणि त्यात व्हील अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन जुळवणेही, जोडले होते.

येथील मिस्त्रींनी पान्याला हात लावण्यापूर्वी बरेच प्रश्न विचारले. गाडी उभी असताना नुसते स्टीअरिंग फिरवले तर आवाज येतो का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर तो कमी होतो का, वेग वाढेल तसा वाढतो का, की फक्त खड्ड्यात येतो, अशी ती चौकशी होती आणि तिच्यात एकही प्रश्न वायफळ नव्हता. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना करकर होत असेल किंवा स्प्रिंग उसळल्यासारखी वाजत असेल, तर संशय शॉकअपच्या वरच्या माउंटवर आणि त्यातल्या बेअरिंगवर जातो. वेगाबरोबर वाढणारी आणि एका बाजूला वळताना जड होणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची असते. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर उजवे बेअरिंग आधी पाहायचे. खड्ड्यातला खडखडाट सस्पेंशनमधल्या लिंक रॉड या दांडीकडे किंवा लोअर आर्म या खालच्या दांड्याच्या रबरी बुशकडे बोट दाखवतो. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल, तर स्टीअरिंग टोकापर्यंत नेल्यावर पंप कण्हतो आणि तेव्हा तेलाची पातळी तपासावी लागते. माझ्या गाडीत पॉवर स्टीअरिंग विजेवर चालणारे असल्याने तो प्रश्न त्यांनी एका वाक्यात निकालात काढला.

त्यानंतर जवळच्या मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून, अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबत, त्यांनी गाडी दोन्ही दिशांना संथपणे गोल फिरवली. जोर दिला की टक्‌-टक्‌ स्पष्ट होत होती आणि पाय काढला की मंदावत होती. एक्सलच्या बाहेरच्या टोकाचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा, झिजल्याची ही ओळखीची खूण आहे. आतल्या टोकाचा जॉइंट खराब असेल, तर बहुधा सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरते. तरीही त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, प्रत्येक पुढचे चाक वर-खाली धरून आणि मग दोन्ही बाजूंना धरून हलवले व बॉल जॉइंट व टाय रॉड एंड (चाकाला सस्पेंशन आणि स्टीअरिंगशी जोडणारे सांधे) आणि बेअरिंग यांत ढिलाई नसल्याची खात्री करून घेतली. स्टीअरिंग फिरवून चाकाची आतली बाजू मला दाखवली, तेव्हा एक्सलवरचा रबरी बूट, म्हणजे जॉइंट झाकणारे चुणीदार आवरण, चुणीत फाटलेला होता आणि त्यातून उडालेले काळे ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला चिकटले होते. बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते, पावसाळ्यात चिखल आत शिरतो आणि जॉइंटमधले पोलादी गोळे व त्यांच्या खाचा घासल्या जातात. फक्त बूट बदलून भागेल का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, “बूट टाकून देतो साहेब, पण आवाज जाणार नाही. जॉइंट आतून खाल्लाय.”

दुरुस्तीचे कामही नेटके झाले. एक्सल काढताना शॉकअपचे बोल्ट न सोडता खालचा बॉल जॉइंट सोडवला, त्यामुळे चाकांचा कोन बिघडला नाही आणि अलाइनमेंटचा खर्च त्यांनी स्वतःहूनच टाळला. एक्सलचा नट जुना न वापरता नवा घेतला व टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणाऱ्या पान्याने) कसला. एक्सल बाहेर काढताना गिअर ऑइल सांडते, ते पुन्हा पातळीपर्यंत भरले. ही शेवटची गोष्ट घाईच्या ठिकाणी सर्रास राहून जाते, आणि तिचा फटका पुढे गिअरबॉक्सला बसतो.

उणिवा आहेत. बिल हाताने लिहिलेले होते आणि त्यात सुट्या भागाची कंपनी नमूद नव्हती; मागितल्यावर मात्र ती लिहून दिली आणि खोकेही दिले. हमी फक्त भागाची आहे, मजुरीची नाही. बसायला धड जागा नाही आणि दुपारनंतर त्या गल्लीत गाडी आत घेणे हेच एक दिव्य आहे, त्यामुळे सकाळी दुकान उघडताच जावे. बेअरिंगची शंका असणाऱ्यांनी आणखी एक तयारी करावी. ती घरघर नीट ऐकू यायला मोकळ्या रस्त्यावरचा वेग लागतो, जो पेठेच्या रहदारीत मिळणे अशक्य असल्याने येथे लिफ्टवर चाक फिरवून, स्प्रिंगवर हात ठेवून कंप जोखला जातो. सुरुवातीच्या अवस्थेतली झीज अशा तपासणीत निसटू शकते; म्हणून कोणत्या वेगाला आणि कोणत्या वळणावर आवाज वाढतो, हे आधी महामार्गावर पाहून ठेवावे आणि मिस्त्रींना सांगावे.